निळा फोल्डर टेबलावरच राहिला

लियों, रविवार रात्र

चि. मीरूस अनेक आशीर्वाद.

तू पार-द्यू स्टेशनवरून गाडीत बसलीस आणि इकडे तुझा निळा फोल्डर टेबलावरच दिसला. तुझ्या अभिनयावरून बाबांशी झालेल्या भांडणाच्या नादात राहिला. उद्या रजिस्टर्ड पोस्टाने पाठवते. त्यात तुझी दोन्ही एईएम, म्हणजे केलेल्या कामाच्या तासांचे दाखले आहेत, ती जप. दर कामानंतर निर्माता ती फ्रान्स त्रावायला, म्हणजे रोजगार कचेरीला पाठवतो, तुलाही प्रत मिळते. नाही आली तर त्याच महिन्यात माग; कंपनी गुंडाळली की फोन कोणी उचलत नाही. कलाकारांच्या बेकारी भत्त्यासाठी बारा महिन्यांत 507 तास भरायला हवेत. एका कॅशेचे, म्हणजे एका ठोक मानधनाचे 12 तास, म्हणजे 43 कॅशे. तुझे झालेत 9.

काल तू बाबांना नट ताहार रहीमचं उदाहरण दिलंस. बेलफोरसारख्या गावातून आला, सिनेमे बघत वाढला, 2010 मध्ये एकाच रात्री सिनेमाचे दोन सेझार पुरस्कार. खरंच आहे. तेव्हा तो 28 वर्षांचा होता. तुला ते सेझार दिसतात, बाबांना ती वर्षं.

विद्यार्थ्यांच्या लघुपटात बिनपगारी काम केलंस तर तास धरत नाहीत. कास्टिंगच्या खेपा, सेल्फ टेप (घरीच फोनवर टिपलेली ऑडिशन), पाठांतर, काहीच धरत नाहीत. टेप करताना फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर ठेव आणि तोंड खिडकीकडे कर. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. समोरचे संवाद वाचणारा लेन्सला खेटून बसू दे, नाहीतर तुझी नजर भरकटते. त्याने हळू वाचावं, फोन त्याच्याच जवळ असतो. एजंटचा वाटा जास्तीत जास्त 10 टक्के, तोही काम मिळाल्यावर. फोटोंसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याकडून उठून ये.

शिकवायलाच बसले बघ. तुला हे सगळं येतं. माफ कर.

रू द्यू प्रमिये-फिल्मवर 1895 मध्ये लुमिएर बंधूंनी आपल्या सिनेमात कारखान्यातून सुटणारे कामगार टिपले, ती शेड तुला पहिल्यांदा दाखवली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. मग रोज शाळेतून येताना दप्तर माझ्याकडे द्यायचीस आणि तिथून चालत बाहेर यायचीस. एकदा दमलेली बाई, एकदा घरी बाळ असलेली, एकदा पगार झालेली. मला दर वेळी ओळखू यायची कोण ते. नवव्या वर्षी पहिलं काम मिळालं तेव्हा प्रिफेक्चरची, म्हणजे सरकारी कचेरीची परवानगी, डॉक्टरांचा दाखला, सगळ्यासाठी बाबाच धावले. केस दे देपो या सरकारी संस्थेत अडकवलेले त्या कामाचे पैसे अठराव्या वर्षी तुझ्या हाती आले. भाड्यात संपवू नकोस गं. तीन महिन्यांचं बाजूला ठेव. 43 होईपर्यंत तेच आहेत.

पुन्हा तेच लिहिलं.

टपालपेटीवर आणि इंटरकॉमवर तुझं नाव लाव, नाहीतर पाकीट परत येईल. सोबत मेतकूट आहे.

तुझी आई

ता. क. फोल्डर बांधायला घेतला तर जाड लागला. बाबांनी आत प्लास्टिकची कोरी पाकिटं घातलीत. मी मोजली, 34 आहेत.