बुधवारच्या रात्रीचे आलू

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची आहे, त्यामुळे मोटार सुरू करायला निघावं लागलं. आता हरभऱ्याला पाणी देऊन झालं, दुपार मोकळी आहे, म्हणून सगळं लिहूनच काढतो. लिहिलेलं ओट्याजवळ लावून ठेवता येते.

तू म्हणालास की बुधवारी सूनबाईला घरी यायला आठ वाजतात, त्या दिवशीचा स्वयंपाक तुझ्याकडे असतो, आणि दमून आल्यावर कणीक भिजवायची म्हटलं की जिवावर येते. छोटीने मैत्रिणीकडे ओव्हनमधला भरलेला आलू खाल्ला, तेव्हापासून तिने तोच हट्ट धरला आहे. मग बुधवार आलूलाच देऊन टाक. कामाच्या दिवशी रात्री करायला इतकं सोपं आणि पोटभरीचं दुसरं जेवण मला तरी सुचत नाही. त्यातलं निम्मं तुला आधीपासून येते.

वावरात आपण रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजतो ते आठव. गोवऱ्या पेटवायच्या, धूर सरू द्यायचा, जाळ बसला की निखाऱ्यावर रोडगे लावायचे, आणि कडेच्या गरम राखेत वांगी नि आलू खुपसायचे. वांगं लवकर होते, साल फुटून त्याचा रस राखेत गळायला लागतो, लांबूनही कळते. आलू मात्र वरून काहीच दाखवत नाही. तू काडी घेऊन बसायचास, टोचून पाहायचास. काडी मध्येच अडली की आलू परत राखेत. आरपार गेली की बाहेर काढून, राख झटकून, दोन्ही हातांनी दाबून फोडायचा. आतला गर पिठासारखा मोकळा निघायचा. उकडलेल्या आलूला हे कधीच जमत नाही. तिथे तो पाण्यात बुडालेला असतो. भाजताना त्याच्या अंगचंच काही पाणी वाफ होऊन निघून जाते, म्हणून गर कोरडा होतो आणि चव घट्ट होते. ओव्हनमध्ये हेच करायचं आहे, फक्त राखेशिवाय.

पहिली गोष्ट, आलू कोणता घ्यायचा. सगळे आलू भाजायला सारखे नसतात. ज्यात पिठूळपणा जास्त, तोच फुलतो. अमेरिकेत यासाठी आयडाहो राज्यातला लांबट, जाड सालीचा रसेट आलू घेतात. आपल्याकडे कुफरी चिप्सोना जातीचा मिळाला तर उत्तम. तो चिप्ससाठीच काढलेला आहे, त्यात पाणी कमी आणि साखरही कमी. दुकानदाराला जातीचं नाव नाही सांगता आलं तर 'चिप्सवाला' म्हणून विचार. भंडाऱ्याकडचे आपले पाहुणे धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, पोचट दाणा वर तरंगतो आणि भरीव खाली बसतो. आलूलाही तीच युक्ती चालते. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून त्यात आलू सोड. बुडाला तो पिठूळ, भाजायचा. तरंगला तो चिकट जातीचा, तो रश्शाच्या भाजीला ठेव. दर वेळी हे करायची गरज नाही, एकदा दुकान आणि माल ठरला की झालं.

हिरवट पडलेला आलू घेऊ नको. उजेडात राहिल्याने तो हिरवा होतो, आणि तसा झालेल्या आलूत सोलानीन नावाचं विष वाढलेलं असते. ते शिजवूनही जात नाही. आपण तर सालीसकट खाणार, म्हणून हे कटाक्षाने पाळ. घरी आणल्यावर अंधाऱ्या, हवेशीर जागी टोपलीत ठेव, कांद्यापासून लांब. फ्रीजमध्ये ठेवलास तर थंडीने त्यातल्या पिठाची साखर होते, मग भाजल्यावर आतून गोडसर लागतो आणि रंगही काळपट येतो.

तुम्हा तिघांसाठी चार आलू काढ, एक जास्तीचा. प्रत्येकी पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचे, आणि सगळे जवळपास एकाच मापाचे, म्हणजे एक कच्चा नि एक करपलेला असं होणार नाही. माती राहू न देता ब्रशने घासून धू. मग कपड्याने अगदी कोरडे पूस. ओल्या सालीचा आलू भाजत नाही, आधी वाफाळतो, आणि साल चामट होते. काट्याने चारी बाजूंनी सहा-सात ठिकाणी टोच, आतल्या वाफेला वाट पाहिजे, नाहीतर आलू ओव्हनमध्येच फुटायचा. हातावर थोडं तेल घेऊन चोळ, वरून जाडं मीठ लाव.

ओव्हन २०० अंशावर, खालचा-वरचा दोन्ही रॉड लावून, दहा मिनिटं आधी तापू दे. आलू सरळ जाळीवर ठेव, खालच्या कप्प्यात ताटली सरकवून दे म्हणजे काही गळलं तर तिच्यात पडेल. जाळीवर ठेवल्याने चारी बाजूंनी गरम हवा लागते. अर्ध्या वेळाने एकदा उलटव. पन्नास मिनिटं ते तास, मापाप्रमाणे. झाला की नाही ते घड्याळापेक्षा सुरीला विचार. लोण्यात गेल्यासारखी न अडता मधोमध गेली पाहिजे. थोडा जास्त राहिला तरी आलू बिघडत नाही, कमी राहिला तर मात्र बिघडतो, म्हणून घाई नको.

चकचकीत फॉइलमध्ये गुंडाळायचं अजिबात मनात आणू नको, कितीही चित्रांत दिसलं तरी. त्यात वाफ कोंडते आणि भाजलेल्याऐवजी उकडलेला आलू हाती येतो. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. मातीतल्या एका जंतूचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत, आणि फॉइलच्या आत हवा नसते, ऊब असते, ओल असते. तसाच आलू बाहेर पडून राहिला तर त्यात बोटुलिझमचं विष तयार होऊ शकते. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका हॉटेलात फॉइलमध्ये भाजून बाहेरच ठेवलेल्या आलूंमुळे ३० माणसांना ही विषबाधा झाली होती. म्हणून फॉइल नको, आणि उरलेला आलू ओट्यावर रात्रभर नको. जरा निवला की उघडाच डब्यात, डबा फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या फोडी करून मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत परत, छोटीच्या डब्याचं काम होते.

ओव्हनमधून काढल्या काढल्या चिरायचा. सुरीने वर अधिकाची खूण कर आणि कपडा धरून दोन्ही टोकांनी आत दाब; मधला गर वर उसळून येतो आणि वाफ एकदम निघून जाते. तसाच अख्खा ठेवला तर ती वाफ आतच मुरते आणि इतका वेळ भाजून मिळवलेला मोकळेपणा जातो. काट्याने गर जरा उकर, आधी लोणी घाल, मग मीठ. लोणी गरम गरातच मुरलं पाहिजे.

आता वरचं. अमेरिकेत यात लोणी, आंबट साय, किसलेलं चेडर चीज, डुकराच्या मांसाच्या कुरकुरीत तळलेल्या पट्ट्या आणि बारीक चिरलेली हिरवी पात घालतात. तेच सगळं पाहिजे असं नाही, पण त्यातली जोडणी नीट ध्यानात घे. स्निग्ध काहीतरी, आंबट काहीतरी, खारट नि कुरकुरीत काहीतरी, आणि सगळ्यात वर कच्चं हिरवं. नुसतं चीज थापलं तर चौथ्या घासाला तोंडाला मिठी बसते.

आंबटासाठी सकाळी ऑफिसला जायच्या आधी सायीचं दही फडक्यात बांधून, खाली भांडं ठेवून फ्रीजमध्ये ठेव. संध्याकाळी त्याचा चक्का झालेला असतो. त्यात मीठ, ठेचलेला लसूण आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून कालव. कुरकुरीतासाठी आईने दिलेल्या कुरडया आहेतच. दोन तळून हाताने चुरायच्या, पण अगदी ताटात घेताना, आधी घातल्या तर मऊ पडतात. हिरव्यासाठी कांद्याची पात. आणि ठेचा तुझा तुला माहीत आहे, तो छोटीच्या वाटीपासून दूर ठेव.

एवढ्याने चव येते, पण आलू म्हणजे मुख्यतः पीठच. रात्रीचं जेवण म्हणून पोटाला धरायचा असेल तर त्यात डाळीचं काहीतरी पाहिजे. सध्या तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, निघत आहेत. तेलात जिरं, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घालून सोले परतायचे, हळद-मीठ, पाण्याचा हबका, झाकण ठेवून शिजू द्यायचे आणि शेवटी पळीनेच निम्मे दाबून टाकायचे, म्हणजे जरा घट्टसर होते आणि आलूवरून ओघळत नाही. मंगळवारी रात्री करून ठेवलंस तरी चालते. भाजलेल्या आलूवर ही सोल्याची भाजी, तिच्यावर चक्का, मग पात. मला विचारशील तर चीजसुद्धा नको. छोटीला पाहिजे असेल तर तिच्या आलूवर किसून पाच मिनिटं फक्त वरच्या रॉडवर ठेव, वितळून कडा तांबूस झाल्या की काढ. सोल्यांचा हंगाम सरला की कोरडं चून, म्हणजे झुणका, घाल, मटकीची उसळ घाल. रविवारचा खिमा उरला असेल तर तो आटवून घाल.

हे सगळं वाचून काम फार आहे असं वाटेल, पण बघ. सात वाजता आलू आत गेले की तुझ्या हाताला काम उरतच नाही. पात चिरायला पाच मिनिटं, सोल्याची भाजी गरम करायला पाच. बाकीचा वेळ छोटीचा अभ्यास घे, नाहीतर नुसता तिच्याजवळ बस. उशीरच झाला तर टोचलेले आलू मायक्रोवेव्हमध्ये सहा-सात मिनिटं फिरवून मग ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं ठेव. सालीचा तो खरपूसपणा पूर्ण येत नाही, पण जेवण वेळेवर होते.

आणि एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायची आहे. भाकर असो की पोळी, तव्यावरची गरमच वाढायची म्हटली की कोणीतरी तव्याजवळ उभं राहते, आणि उभं राहणारं माणूस सगळ्यांच्या मागून, गार जेवते. आपल्या घरी ते माणूस कायम तुझी आई. फक्त वावरातल्या रोडग्याच्या दिवशी इस्तवाजवळ, म्हणजे विस्तवाजवळ, आम्ही बाप्ये असतो आणि ती पहिल्या पंगतीला बसते. त्या दिवशी ती कशी जेवते ते तू पाहिलं आहेस: सावकाश, बोलत बोलत, दुसऱ्यांदा मागून घेऊन. आलूमध्ये तीच सोय आहे. चारही एकदम होतात, वाढायला कोणी लागत नाही. मध्ये वाट्या मांडायच्या, आपापला आलू आपण भरायचा. सूनबाई आठला दारात आली की हातपाय धुऊन सरळ ताटावर बसली पाहिजे, आणि तूही तिच्यासोबतच बसला पाहिजेस. मधून उठून काही करायला जाऊ नको. लागणारं मीठ, पाणी, चमचे आधीच मांडून ठेव.

छोटीला देताना आलू उकरून, पसरून दे. वरून निवला वाटला तरी आत बराच वेळ चटका असतो, तिला ते कळणार नाही. तिच्या वाट्या वेगळ्या लाव आणि भरायचं काम तिलाच करू दे. स्वतः भरलेलं पोरं टाकत नाहीत.

शुक्रवारच्या रात्री आर्वीहून पुण्याच्या ट्रॅव्हल्सने डबा पाठवतो. लोणी आईने बरणीत घालून वर कापड बांधलं आहे, ते आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेव. सोले दीड-दोन किलो होतील, सोलूनच पाठवतो. आठवड्यापुरते बाहेर काढून बाकीचे लहान लहान पिशव्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात टाक. कुरडया वेगळ्या डब्यात आहेत, प्रवासात तुटल्या तरी चुरायच्याच आहेत. शनिवारी सकाळी गाडीवाल्याचा फोन येईल, तो घे.

सूनबाईला आशीर्वाद, छोटीला गोड पापा.

तुझे बाबा