गृहपाठ फळ्यावर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा नातू तिसरीत आहे. जूनमध्ये त्याच्या शाळेत पालकसभा झाली. ‘मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका,’ असं बाईंनी बजावून सांगितलं आणि त्याच सभेत सगळ्यांचे नंबर घेऊन वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. आता रोजचा गृहपाठ त्या ग्रुपवर येतो. कधी सहाला, कधी साडेआठला. मराठीच्या पानाचा फोटो, गणिताची पीडीएफ, प्रकल्पासाठी एखादी व्हिडिओची लिंक. मोबाइल हातात न घेता हे उतरवून कसं घ्यायचं, ते सभेत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं यंत्रमागावरच्या कामगारांची. बऱ्याच घरांत फोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. वडील दुसऱ्या पाळीला असले की ते घरी येईपर्यंत पोरं झोपलेली असतात. नातवाच्या वर्गातली शेजारची मुलगी म्हणून वही-पेन्सिल घेऊन आमच्याकडे येते आणि माझ्या फोनवरून उतरवून घेते. तिच्या वडिलांचा नंबर ग्रुपात आहे, म्हणजे शाळेच्या लेखी तिला गृहपाठ पोचला.

आणि उतरवून झाल्यावर नातू फोन परत देईल म्हणाल, तर नाव नको. पीडीएफ मिटली की बोट दुसरीकडे सरकतंच. वीस मिनिटांच्या कामाला तास जातो. ‘आजी, अभ्यासच करतोय’ याला माझ्याकडे उत्तर नसतं, कारण निम्म्या वेळी ते खरं असतं.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. शेवटच्या तासाला दहा मिनिटं फळ्यावर गृहपाठ लिहायचा, मुलांनी वहीत घ्यायचा. चुका व्हायच्या, कुणी निम्माच उतरवायचं. आजारी पडून घरी राहिलेलं पोर संध्याकाळी मित्राकडे वही मागायला जायचं, तिथंच खेळत बसायचं आणि आई रागावत न्यायला यायची. आता पीडीएफ अंथरुणातच मिळते. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण नातू सांगतो, वर्गात बाई बोलत असताना मुलं एकमेकांना म्हणतात, ‘ग्रुपवर येईलच की!’

ही रीत कोरोनात पडली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पदरच्या पैशाने रिचार्ज मारून मुलांपर्यंत धडे पोचवणाऱ्या शिक्षकांना मी नावं ठेवणार नाही. पुढे शाळा उघडल्या, मुलं बाकावर येऊन बसली, गृहपाठ तेवढा फोनमध्येच राहिला.

मी मोबाइलची वैरीण नाही. बालभारतीची पुस्तकं त्यावर फुकट मिळतात, विश्वकोशाच्या नोंदी मी स्वतः वाचते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. मात्र तिथे धडा पुस्तकात छापलेला असतोच, कोड ही वरची भर. फोन नसलेल्या पोराचं अडत नाही. गृहपाठाच्या ग्रुपने नेमकं उलटं केलं आहे.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा. मला त्यात आवडलं ते हे, की मोठ्यांचेही फोन बंद. नाहीतर आपण रील बघत पोरांना ‘अभ्यास कर’ म्हणतो. आमच्याकडे कुणी असा भोंगा बसवायचं मनावर घेतलं, तर पहिली हरकत गृहपाठाचीच निघेल.

मागणी एवढीच आहे. शाळा सुटण्याआधी गृहपाठ फळ्यावर लिहावा, आणि ग्रुप सुट्टीच्या, फीच्या निरोपांपुरता ठेवावा. शिक्षण विभागाने तसं परिपत्रक काढलं तर उत्तमच. तेही बहुधा आधी ग्रुपवरच येईल.

पुढची पालकसभा दिवाळीच्या सुट्टीआधी आहे. या वेळी मी विचारणार आहे. पत्र छापलंत तर कात्रण घेऊन जाईन.

– एक निवृत्त शिक्षिका, इचलकरंजी