मस्कतला पोचलेल्या लेकाला

प्रिय बाळा, प्रभूमध्ये सलाम.

पोचल्याचा मेसेज मिळाला, मम्मीने तीनदा वाचून दाखवला. दादाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय, घराच्या वाटण्या मी करून दिल्या, पुढचं तुम्ही दोघं बघा.

तू त्या रात्री बॅग उचलून निघालास तेव्हापासून झोप धड नाही, म्हणून रोमची जुनी पुस्तकं काढली. आपल्याकडे प्रवचनात सांगतात की रोम दारू आणि खेळतमाशांनी बुडालं. अरे पण 410 मध्ये गॉथ लोकांचा राजा अलारिक याने शहर लुटलं तेव्हा साम्राज्य ख्रिस्तीच होतं, सम्राट थिओडोसियसने 380 लाच तसा हुकूम काढला होता, आणि अलारिक स्वतःसुद्धा ख्रिस्तीच, एरियन मताचा, म्हणजे पुत्राला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्यांपैकी. इतकी वर्षं वर्गात शिकवलं पण या वेळी मला वेगळंच टोचलं. 395 च्या जानेवारीत थिओडोसियस वारला आणि राज्य दोन पोरांत वाटलं गेलं. थोरला आर्केडियस पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलला, धाकटा होनोरियस पश्चिमेला, दहा वर्षांचं पोर ते. भाऊ भांडले नाहीत तेवढे त्यांचे कारभारी भांडले, दोघांच्या मधला बाल्कनचा मुलूख, इलिरिकम, कुणाचा यावरून. 397 मध्ये तर थोरल्याच्या दरबाराने धाकट्याचा सेनापती स्टिलिको याला शत्रूच ठरवलं. अलारिक या दोन दरबारांच्या मधल्या फटीतच मोठा झाला.

तेरा वर्षं ते भाऊ एकमेकांना भेटले नाहीत. 408 मध्ये थोरला गेला, मागे सात वर्षांचा मुलगा, तेव्हा कुठे होनोरियसला वाटलं की आपण कॉन्स्टँटिनोपलला जावं, तर स्टिलिकोने खर्च किती येईल ते सांगून त्याला थांबवलं. इथे मी पुस्तक मिटलं.

तुझ्या कानाशीही कोण कोण बोलतं मला माहीत आहे, दादाच्याही बोलतात. कोणाचं नाव घेत नाही.

पुढे त्याच वर्षी स्टिलिकोलाही मारलं, चर्चमध्ये लपला होता, शपथा खाऊन बाहेर काढलं. फौजेतल्या परक्या शिपायांची बायकापोरं कापली, मग ते तीस हजार लोक अलारिकला जाऊन मिळाले. पहिल्या वेढ्यात रोमने खंडणी भरली, 5000 पौंड सोनं आणि त्यासोबत 3000 पौंड मिरी, म्हणजे आपल्या मलबारचीच मिरी बघ. तरी दोन वर्षांत शहर गेलं. उपासना चालू होत्या सगळ्या. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, हे प्रभूने सांगितलंय, मत्तय पाच, तुला पाठ आहे, रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालं होतं. तू दर महिन्याला दशांश पाठवतोस, पाळकसाहेब नाव काढतात, माझी छाती भरून येते, पण बाळा, दशांश पाठवून दादाशी अबोला कसा चालेल?

झालं, उपदेश सुरू केला. माफ कर. मास्तर होतो ना.

नाताळच्या ताऱ्याचा बल्ब तू फोडलास आणि दादाने माझ्या हातचा मार खाल्ला, एक शब्द बोलला नाही. मला ते दहा वर्षांनी कळलं. त्याला कधी सॉरी म्हणालो नाही मी. परवा तो लिंबावर चढून ती जुनी वायर काढत होता, गुडघा दुखतोय तरी, म्हणाला पावसात शॉक बसेल कुणाला. तुझ्या वाट्याच्या खोलीचे पत्रेही त्यानेच नीट केले, तुला सांगू नका म्हणालाय.

वाटणी माझी चुकली असेल तर मला बोल, कागद बदलता येतात, मी अजून आहे.

मम्मीने लोणचं बॅगेत टाकलंय, गळत असेल तर पिशवी बदल. दादाचा नंबर बदललाय, वेगळा पाठवतो. रात्री दहापर्यंत जागा असतो, तुमच्याकडे तेव्हा साडेआठ होतात.

तुझे पप्पा