मावशींचा मोबाइल ‘गहाळ’ झाला नव्हता

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सा. न. वि. वि.

मी परळच्या एका लहान दवाखान्यात काउंटरवर बसते. गेल्या महिन्यात आमच्या रात्रपाळीच्या मावशी सकाळी सातला बसस्टॉपवर उभ्या होत्या. एका पोरग्याने मागून येऊन त्यांचा हात पिरगाळला आणि मोबाइल घेऊन पळाला. दोन हिरव्या बांगड्या फुटल्या, एक काच मनगटात घुसली. सिस्टरने ती चिमट्याने काढली तेव्हा ट्रे मी धरला होता.

दुपारी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ड्युटीवरचे हवालदार माणूस म्हणून वाईट नव्हते. खुर्ची दिली, पाणी विचारलं. मग म्हणाले, “ताई, गहाळ लिहा. दाखला लगेच मिळेल, त्यावर सिम मिळेल. गुन्हा नोंदवलात तर कोर्टाच्या खेपा.” मावशींच्या लेकीचे गावी दिवस भरत आलेले, त्यांना त्या घडीला सिमच हवं होतं. त्यांनी सही केली. मी गप्प बसले, त्याची टोचणी अजून आहे.

माझा भाऊ एका वकिलांकडे टायपिंग करतो. त्याच्याकडून मी भारतीय न्याय संहिता आणली. १ जुलै २०२४ पासून हीच लागू आहे. (आमच्या चाळीत अजून लबाड माणूस म्हणजे ‘चारशेवीस’च, फसवणुकीचं कलम आता ३१८ झालंय हे कुणाच्या गावी नाही.) मावशींचा मोबाइल सेकंडहँड घेतलेला, ३,५०० रुपयांचा. त्या एका मोबाइलसाठी या पुस्तकात किती वाटा निघतात ते बघा.

नुसती ‘चोरी’ लिहिली तर कलम ३०३. पण माल ५,००० रुपयांच्या आतला असेल आणि चोर पहिल्यांदाच सापडून तो परत करत असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. ही तरतूद मला पटते. साडेतीन हजारांच्या मोबाइलपायी कोवळं पोर आर्थर रोडला जाऊन आणखी बिघडू नये. गोची पुढे आहे. हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मग तपासच झाला नाही तर ते पोर सापडणार कसं आणि सेवा करणार कोण? शिवाय ५,००० हा आकडा गरिबाच्या मोबाइलवर बरोबर बसतो. चाळीस हजारांचा फोन गेला की गुन्हा दखलपात्र, मावशींचा गेला की एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद.

‘हिसकावणे’ लिहिलं तर कलम ३०४. हे नवीन आहे, जुन्या दंडसंहितेत वेगळं नव्हतं. इथे किमतीचा प्रश्न येत नाही, गुन्हा दखलपात्र. शिक्षा मात्र जास्तीत जास्त तीन वर्षं, साध्या चोरीइतकीच. उलट बस-लोकलमधून वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत. स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईपेक्षा बसमध्ये चढलेल्या बाईचा मोबाइल मौल्यवान का, ते दिल्लीवाल्यांनाच माहीत.

आणि ती काच? चोरी करण्यासाठी इजा केली की ती ‘जबरी चोरी’, कलम ३०९, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. इजा म्हणजे हाड मोडायला हवं असं नाही, शारीरिक वेदनाही पुरते. म्हणजे फुटलेल्या बांगडीने हा गुन्हा थेट वरच्या पायरीवर नेला होता. हवालदारांनी मनगटाकडे पाहिलंही होतं, “औषध लावलंत ना?” असं विचारलं.

आणि ‘गहाळ’ला कलमच नाही. तो गुन्ह्यांच्या आकड्यात धरला जात नाही. आपल्यासमोर येणाऱ्या तक्त्यात त्या सकाळी त्या स्टॉपवर काहीच घडलेलं नाही.

कायदा दिल्लीत होतो, तो आपण बदला असं माझं म्हणणं नाही. पण ठाण्यातलं ते टेबल आपल्या खात्याचं आहे. गहाळचा दाखला देण्याआधी ‘वस्तू पडली की कुणी नेली?’ एवढं विचारा आणि उत्तर तक्रारदाराच्याच शब्दांत लिहून घ्या. एनसी दिली तर माल ५,००० च्या आतला कसा ठरवला, खरेदीच्या किमतीने की आजच्या, ते त्यावर नोंदवा. दखलपात्र गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय; त्याला बगल द्यायला ‘गहाळ’ ही आयती पळवाट झाली आहे.

मावशींच्या वतीने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे टपालाने अर्ज पाठवला आहे. दाखल्याची झेरॉक्स या पत्रासोबत जोडते. त्यात ‘प्रवासात कुठेतरी पडून’ असं लिहिलंय. मी ते मावशींना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पडला कुठे? नेला ना त्याने.” ती ओळ पेनाने अधोरेखित केली आहे.

आपली,
परळची एक रहिवासी