दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या नालबंद मामांस

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

नालबंदीची मजुरी तुम्ही दर खेपेला घेता, आणि ती हातावर ठेवली की आम्ही मोकळे होतो. पण ज्या कामाची मजुरी तुम्ही कधी लावलीच नाही, त्यासाठी हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण उपकार आमच्या एकट्या पागेवर नाहीत.

सगळ्यात आधी मागच्या नालांबद्दल. रायडिंग स्कूलचे घोडे बहुतेक वेळ वाळूच्या रिंगणात चालतात, डांबरावर क्वचित जातात. खूर जेवढा वाढतो त्यापेक्षा जास्त झिजायला लागला तर नाल हवा, नाहीतर तासणी पुरते. हे तुम्हीच समजावलंत आणि शिकाऊ पोरं ज्यांच्यावर बसतात त्या घोड्यांचे मागचे नाल काढायला लावलेत. चाराच्या जागी दोन नाल, म्हणजे स्वतःच्या कमाईवर तुम्ही स्वतःच कात्री चालवलीत. त्यात पोरांचाही जीव सांभाळलात. एकाशेजारी एक घोडे उभे असताना बिननालाच्या पायाची लाथही लागतेच, पण लोखंडाची लाथ हाड मोडते.

नालबंदीचा दिवस हा आता आमच्याकडचा सण झालाय. पोरं दहा फुटांवर बसून बघतात, पालक चहाचा थर्मास घेऊन येतात, वरातीचे घोडेवाले आपली जनावरं घेऊन सकाळीच दारात हजर. तुम्ही कुणालाही घाईत हात लावत नाही. आधी घोडा कडक जमिनीवर चालवून बघता, समोरून आणि मागून. मग जुन्या खिळ्यांची दुमडलेली टोकं सरळ करून नाल टाचेकडून उचकता. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलीमीटर वाढतो, म्हणजे सहा आठवड्यांत एक सेंटीमीटरहून थोडा जास्तच. तेवढंच उतरवायचं. तळवा पांढरा दिसेपर्यंत खरवडला की छान दिसतो, पण दुसऱ्या दिवशी घोडा खड्यावर पाय टेकायला घाबरतो. मधला मऊ त्रिकोणही तुम्ही लोंबणाऱ्या चिंध्यांपुरताच कापता.

तारीख पुढे ढकलणाऱ्यांना तुम्ही रागावता ते योग्यच आहे. खुराचा पुढचा भाग, म्हणजे नख, लांबला की पाय उचलायला उशीर होतो, मागच्या शिरेवर ताण येतो, टाच खाली दबते आणि घोडा अडखळतो. वर आठ-नऊ वर्षांचं पोर बसलेलं असतं. शिवाय खिळे ढिले होतात, मागचा पाय पुढच्या नालावर पडतो, आणि अर्धवट निघालेल्या नालाचा खिळा घोड्याच्याच तळव्यात घुसतो.

नाल ठोकताना मात्र सगळी पागा गप्प होते. पुढचा पाय दोन्ही गुडघ्यांत धरलेला, तोंडात खिळे. एका नालाला सहा, बाहेरून तीन, आतून तीन. सगळे पुढच्या अर्ध्या भागात, कारण दर पावलाला टाच जराशी फाकते आणि तिथे खिळा मारला तर ती जखडून जाते. खिळ्याचं टोक एका बाजूने तासलेलं असतं, ती बाजू आत ठेवली की खिळा बाहेरच्या अंगाला वळतो आणि नालाच्या वर सुमारे २ सेंटीमीटरवर खुरातून निघतो. उलटा धरला तर सरळ जिवंत मांसात. तुम्ही डोळ्यांपेक्षा कानाने काम करता. कडक खुरात खिळा जाताना हातोड्याचा आवाज टणटणीत येतो, मऊ भागाकडे सरकला की आवाज बसतो. एकदा आवाज बसला तेव्हा घोडा हललाही नव्हता, तरी तुम्ही खिळा उपसलात, भोकात टिंचर आयोडीन सोडलंत, ते भोक रिकामं ठेवलंत आणि धनुर्वाताची लस कधी दिली ते वहीत बघायला लावलंत.

जवळून गेलेला खिळा त्या दिवशी दुखत नाही, एक-दोन दिवसांनी घोडा लंगडतो. म्हणूनच दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाल बसवायला तुम्ही साफ नकार देता. दसरा चौकातल्या सीमोल्लंघनाच्या गर्दीत घोडा न्यायचा तर नाल निदान दहा दिवस आधी. हे आता गावातले बरेच घोडेवाले पाळतात.

आणि ती नाडी! खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवायची. निरोगी पायात ठोका जेमतेम लागतो. जोरात उडायला लागला आणि खूर दुसऱ्या पायापेक्षा गरम वाटला की आत काहीतरी बिघडलंय, त्या दिवशी खोगीर चढवायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. तुम्ही हे घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांना दाखवत होता, पोरांनी बघून उचललं. आता आमच्याकडे खरारा, मग खूर, मग नाडी, आणि त्यानंतरच तंग आवळायचा, हा क्रम कुणाला सांगावा लागत नाही. खूर कोरायचा तो टाचेकडून नखाकडे, हेही. इथे शिकून गेलेली मुलं पन्हाळ्यावर किंवा महाबळेश्वरला भाड्याचा घोडा घेताना आधी पाय उचलून बघतात, आणि घोडेवाल्याला नाल ढिला असल्याचं नम्रपणे सांगतात. आमच्या लेखी या शाळेची सगळ्यात मोठी कमाई हीच.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची काळी माती खुरात लिंपून बसते, खुराचं कडक कवच भिजून मऊ पडतं, खिळे धरत नाहीत. मधल्या खाचेत काळा, घाण वासाचा चिकटा दिसला की सड सुरू झाली. अशा वेळी लोक वरून तेल चोपडतात आणि ओल आतच कोंडते. तुम्ही ती सवय मोडलीत. खूर दोनदा कोरा, कोरडा करा, आयोडीनचा कापूस खाचेत दाबा, आणि मुख्य म्हणजे ठाण कोरडं ठेवा. खाली मुरूम, वर लाकडाचा भुसा, ओला भाग रोज काढून टाकायचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाण्यात उभ्या राहिलेल्या जनावरांना लगेच नाल मारू नका, खूर सुकू द्या, असं तुम्ही दारोदार सांगत फिरलात. तेव्हा तुमचा धंदा बंदच होता.

गळीत हंगामात उसाच्या गाड्यांच्या बैलांना पत्र्या मारायला तुम्ही पहाटेच बाहेर पडता. घोडा उभ्याने नाल मारून घेतो, बैल दोराने पाडावा लागतो, आणि त्याचा खूर दोन भागांचा, म्हणून खुराला दोन याप्रमाणे एका बैलाला आठ पत्र्या. कंबर मोडणारं काम. त्यातूनही आमची तारीख तुम्ही चुकवली नाहीत. याचे आभार कसे मानायचे ते खरंच सुचत नाही.

ऐरणीखालचा ओंडका चिरला होता, तो बदललाय. बाभळीचा आहे, तुमच्या उंचीला कापून घेतलाय. पुढची खेप घटस्थापनेच्या आत ठेवा. वरातीचे घोडेवालेही तेव्हाच येतो म्हणालेत.

आपली,
पागेतली सगळी मंडळी
कोल्हापूर