वाचनालयाच्या संगणक कक्षासाठी सभासद व हितचिंतकांना आवाहन

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात अभ्यासिकेतली एक मुलगी एमपीएससीच्या हॉल तिकिटाची प्रिंट काढायला आली आणि पाऊण तास उभी राहिली. पाचपैकी तीन संगणकांवर गेम चालू, एक बंद, आणि पाचव्यावर (खोटं कशाला सांगू?) आपलेच एक ज्येष्ठ सभासद बुद्धिबळ खेळत बसलेले. शेवटी ती बिचारी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेली. त्या आठवड्यात तक्रारवही भरली. मागच्या दिवाळीत याच कक्षासाठी हाक दिली होती तेव्हा पावतीपुस्तकाची चार पानं फाटली, तेवढंच नोंदवून ठेवतो.

हा कक्ष कसा उभा राहिला, ते नव्या सभासदांना ठाऊक नसेल. पहिले दोन संगणक नौपाड्यातल्या एका निवृत्त बाईंनी पेन्शनच्या फरकातून दिले. पाटी लावतो म्हटल्यावर रागावल्या, "पाटी नको, मुलांना हात लावू द्या म्हणजे झालं!" तिसरा गोखले रोडवरच्या एका दुकानदाराने वडिलांच्या वर्षश्राद्धाला दिला. टेबलं आपल्या सुतारकाकांनी मजुरी न घेता केली, वायरिंगवाले तीन रविवार आले ते चहावर. २०२१ मध्ये लशीची नोंदणी जमेना तेव्हा कितीतरी आजी-आजोबांचे नंबर याच कक्षातून लागले. ज्या ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं, तिथले वाचक आपण.

कार्यकारिणीत काहींचं म्हणणं पडलं, कक्षालाच कुलूप लावा. ते आम्ही मानलं नाही. गेम खेळणारी ही पोरं दहा बाय बाराच्या खोल्यांतून येतात, पंख्याखाली बसतात आणि जाताना कॉमिक का होईना, घेऊन जातात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची गोष्ट वेगळी. त्यांवर २०२५ मध्ये संसदेनेच बंदी घातली, इथेही चालणार नाहीत. म्हणून दोन संगणक बालविभागात, संध्याकाळी ५ ते ७ खेळायला मोकळे. बाकीचे फक्त कामासाठी, अर्ध्या तासाच्या चिठ्ठीवर. ज्येष्ठांनाही हाच नियम.

मात्र यंत्रं थकली आहेत. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, विंडोज ११ या जुन्या मशीनवर चढत नाही, त्यात गेमच्या नादाने नको त्या फाइली उतरवलेल्या. सरकारी अनुदान पुस्तकं आणि पगारातच संपतं.

तीन संगणक, नको त्या साइट अडवणारा राउटर आणि वर्षभराची देखभाल मिळून १,६०,००० रुपये हवेत. परीक्षांचे फॉर्म सुरू होण्याआधी, म्हणजे महिनाअखेरपर्यंत. चेक वाचनालयाच्या नावाने. रोख असल्यास काउंटरवर, सोमवार सोडून सकाळी ९ ते १२, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. देणगीवरच्या आयकर सवलतीची (८०जी) सोय नाही. संध्याकाळी दोन तास कक्षात बसणारं कोणी मिळालं तर तेही हवंच आहे.

आपला,
कार्यवाह

ता. क. जुने कीबोर्ड-माउस कृपया आणून ठेवू नयेत. मागच्या वेळचे माळ्यावर तसेच पडले आहेत.