शिबिर घ्या, पण रमजानमध्ये नको

संपादक साहेब, नमस्कार,

अल्पसंख्याक वस्तीतल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी उद्योजकता शिबिर होणार ही बातमी तुमच्या पेपरात वाचली. चांगलंच आहे, पण मागे अशाच एका शिबिराला मी बहिणीला घेऊन गेलो होतो त्याचं सांगतो. ती मीठानगरला घरीच शिलाई करते, बुरखे, ब्लाऊज, पोरांचे कुर्ते. शिबिर ठेवलेलं रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, सकाळी 11 ते 5. अहो हे दहा दिवस म्हणजे टेलरचा वर्षाचा सीझन, पहाटे सहरीपर्यंत मशीन चालू असते, चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, कपडे नाही दिले तर गिऱ्हाईक परत तोंड दाखवत नाही. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि वर ऐकायला काय मिळालं, तर म्हणे या लोकांना शिकायचंच नसतं.

मुसलमानांची परिस्थिती तपासणाऱ्या सरकारी सच्चर समितीच्या 2006 च्या रिपोर्टात कामकरी मुसलमानांपैकी साधारण 61 टक्के स्वतःच्या धंद्यातच होते. म्हणजे धंदा सुरू कसा करायचा हे आम्हाला काय शिकवता, तो चालूच आहे, हिशोब शिकवा ना. तर स्क्रीनवर सगळं इंग्रजीत, ब्रँडिंग वगैरे, मग एकदम लोन घ्या. एक चाचा उठून म्हणाले, "ब्याज का पैसा नको साहेब." शिकवणारे सर गडबडलेच. आमच्यात बरेच जण व्याज टाळतात, भिशी लागली की मशीन घेतात (सगळेच नाही, सरकारी मुद्रा लोनचे हप्ते भरणारे पण गल्लीत आहेत). मग कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना तरी सांगायची, त्यातल्या 18 कामांत शिंपी आहेत, ट्रेनिंगला दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 पर्यंतचं व्हाउचर आणि ते कर्ज नाही. कोणी शब्द काढला नाही.

खरं शिक्षण झालं चहाच्या वेळी. तिथल्या एका ताईंनी बहिणीला विचारलं, बुरख्याचे किती घेतेस? 450. त्यांनी माझ्या खिशातल्या लाईटबिलाच्या मागे लिहून काढलं, कापड 280, लेस दोरा 60, पिको 20, लाईट आणि तेल 10. उरले 80 आणि वेळ साडेचार तास, म्हणजे तासाला अठरा रुपये पण सुटत नाहीत. बहीण बघतच राहिली, स्वतःची मजुरी तिने कधी धरलीच नव्हती. ईदनंतर भाव 550 केला, दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीच्या बायका कुरकुरत का होईना येतायत.

तर शिबिर मोहल्ल्यातच घ्या, शाळेची एखादी खोली पुरे, दुपारी पोरं शाळेत असतात तेव्हा, आणि प्रत्येकाला आपली वही घेऊन बोलवा. दोन-तीन महिन्यांनी परत पण या, कारण बहिणीला आता उधारी वसूल कशी करायची ते विचारायचंय आणि त्या ताईंचा नंबर घ्यायचा राहिला.

एक वाचक, कोंढवा, पुणे